फोटो नावाची फाईल

महापूर विक्रांतच्या मांजर्लीतल्या तळमजल्यावरच्या घरात शिरला आणि कपाटाच्या खालच्या खणातले आईचे सगळे फोटो लगदा होऊन गेले. आई वर्षभर आधीच गेली होती. त्याने मग साऱ्या नातेवाइकांना ई-मेल लिहिला : कुणाकडे आईचा एखादा फोटो असल्यास पाठवावा. समोर बसून मागणे त्या अबोल माणसाला जमले नसते.

थंडीच्या सुरुवातीला हरिचंद्रमामांच्या पत्त्यावरून उत्तर आले. मजकूर इंग्रजीत, एका ओळीचा. खाली जोडलेली फाईल, फोटो डॉट जेपीजी. मामा कधी इंग्रजीत लिहीत नसत, पण तेवढे भान त्याला उरले नाही. त्याने क्लिक केले. काहीच उघडले नाही. कॉम्प्युटर जुना, म्हणून त्याने पुन्हा केले, पुन्हा केले. जणू आई दाराआड उभी होती आणि कडी तेवढी अडकली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच कारखान्यात काम करणारा मुकेश घरी आला. त्याने फाईलच्या नावाची चौकट माउसने ओढून रुंद केली. जेपीजीनंतर लांबलचक कोरी जागा होती आणि तिच्या टोकाला, नजरेआड, ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची खूण.

"फोटो नव्हताच रे तो, व्हायरस होता. मामांना पत्ताही नसेल. आता तुझ्या नावाने सगळ्यांकडे गेला असेल. नावाची शेपटी बघायची ना, हीरो."

विक्रांतने एकेकाला फोन केला : माझ्याकडून आलेला फोटो उघडू नका. कुणी हसले, कुणी वैतागले; यापुढे मेलच उघडणार नाही, असे मामांनी बजावले. प्रत्येक फोन ठेवताना त्याला वाटे, आणखी एक दार आपण आपल्याच हाताने लावून घेतले. नंतर कुणाचेच काही आले नाही.

उन्हाळ्यात नागपूरहून मावसबहिणीचा, यशोधराचा मेल आला. खाली जोडलेल्या फाईलला तेच नाव. त्याने चौकट ओढून पाहिली. कोरी जागा नव्हती. तरीही बोट हलेना. त्याने तिला फोन लावला.

"ताई, फोटो तूच पाठवलास?"

"हो. उघडला नाहीस?"

"काय आहे त्यात?"

ती फोटोकडे बघून सांगू लागली. "मावशी ओट्यापाशी आहे. पदर खोचलाय. कुणीतरी हाक मारलीय, म्हणून वळून बघतेय. जरा चिडलीय."

चिडलेली आई. इतके दिवस त्याने मनात फक्त हसणारी जपली होती. त्याने माउसवरचा हात काढून घेतला.

"अजून सांग ना," तो म्हणाला.