साडूच्या गाडीपेक्षा एक पायरी वर

रविवारी सकाळी दाराशी हॉर्न वाजला आणि आपल्या फोटोवाल्यांच्या पोटात जी कळ उठली, ती पुढे कित्येक दिवस गेली नाही.

फोटोवाले म्हणजे दवाखान्यात एक्स-रे काढणारे गृहस्थ. पेशंट त्याला 'फोटो' म्हणतात, म्हणून हे फोटोवाले. दिवसभर अंधाऱ्या खोलीत "श्वास घ्या, धरून ठेवा, हं, सोडा" एवढंच बोलायचं आणि संध्याकाळी जुन्या स्कूटरला लाथा घालत घरी यायचं. माणूस सरळ. पान नाही, तंबाखू नाही, कुणाशी भांडण नाही. एकच दुखणं होतं, आणि ते कुठल्याही एक्स-रेत दिसलं नसतं. ते दुखणं म्हणजे त्यांचे साडू.

साडूंचं फरशांचं मोठं दुकान होतं. कुणी त्यांना फसवू शकत नाही अशी त्यांची ख्याती होती, आणि ती ख्याती ते स्वतःच सगळीकडे सांगत फिरत. तर त्या रविवारी तेच साडू नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीतून उतरले. शेजारच्या सीटवर कोण? सासूबाई! चांगल्या ऐटीत, मांडीवर पर्स घेऊन.

"या, या," फोटोवाले म्हणाले. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते नुसतं ओठांवर.

"बसून तरी बघा," साडू म्हणाले. "अहो, एसी लावला की मागच्याला स्वेटर लागतो!"

फोटोवाले बसले. सीट मऊ होती, आरसा मोठा होता, वासही नवा होता, आणि प्रत्येक गोष्टीगणिक त्यांचा जळफळाट वाढत होता. त्यात बायको सहज बोलून गेली, "बरं झालं बाई, ताईला आता बसची वाट बघत उभं राहायला नको." तिच्या मनात काही नव्हतं. पण फोटोवाल्यांना वाटलं, हा टोमणा आपल्यालाच!

त्या रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "आपण गाडी घ्यायची. त्यांच्यापेक्षा एक पायरी वरची."

बायकोचा घास हातातच राहिला. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. झोपायच्या खोलीत कापडाचे तागे, पलंगाखाली बटणांचे डबे, मशीन खिडकीपाशी. नाक्यावरचा एक छोटा गाळा महिनाअखेरीला रिकामा होणार होता. मालकाने आधी तिला विचारलं होतं, आणि अनामतीसाठी दोघांनी मिळून पैसे बाजूला ठेवले होते.

"मग गाळ्याचं काय?" तिने विचारलं.

"गाळाही होईल. हल्ली गाड्या हप्त्यावर मिळतात. हप्ता अगदी किरकोळ असतो."

"अहो, पण सुरुवातीला भरायला पैसे लागतातच ना? ते कुठून आणणार?"

फोटोवाले भाजीत पळी फिरवत राहिले. बायको समजायचं ते समजली आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी फोटोवाल्यांनी मन मारून साडूंना फोन केला. वाटलं होतं, साडू आढेवेढे घेतील. पण कसचं काय! साडू भलतेच उत्साहाने म्हणाले, "मी घेतली त्याच शोरूमला जा. तिथला तो टायवाला पोरगा आहे ना, त्यालाच भेटा. माझं नाव सांगा. मला तर अगदी पाण्याच्या भावात पडली!"

पाण्याच्या भावात! म्हणजे आता आपल्याला त्याहून स्वस्तात मिळायला हवी. फोटोवाल्यांची झोपच उडाली.

शनिवारी शोरूमला जायचं ठरलं. बायको येईना. मग फोटोवाल्यांनी सासूबाईंनाच बोलावलं. हेतू उघड होता. त्यांनी डोळ्यांनी पाहावं की धाकटा जावईही काही कमी नाही! साडूंनी सासूबाईंना आपल्या गाडीतून आणून सोडलं, पण स्वतः आत यायला तयार होईनात.

"माझं जरा काम आहे," म्हणाले, आणि रस्त्याच्या पलीकडे गाडी लावून आतच बसून राहिले.

काचेतून फोटोवाल्यांना ते दिसत होते. 'जळतोय लेकाचा,' ते मनात म्हणाले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

शोरूम चकाचक होतं. फरशी अशी की चप्पल घालून चालायला संकोच वाटावा. टायवाल्याने खुर्च्या दिल्या, कॉफी दिली आणि गोड आवाजात विचारलं, "साहेब, घरात आणखी कुणाकडे आहे का गाडी?"

किती साधा प्रश्न! फोटोवाल्यांनी साडूंचं नाव सांगितलं, दुकान सांगितलं, गाडीचा रंगही सांगितला. टायवाला हसला. त्याला हवं ते मिळालं होतं.

"हो हो, ते साहेब! त्यांनी मधलं मॉडेल घेतलं. तुम्ही वरचं बघा ना."

झालं! पुढचं सगळं सोपं होतं. रंग टिकावा म्हणून कोटिंग? "तुमच्या साडूंनी घेतलंय." लावा. चामड्याची सीट कव्हरं? "साडूंनी तर सगळ्यात महागडी घेतली." मग आम्हालाही तीच. वाढीव वॉरंटी, कर्जाला जोडलेला विमा, हॅन्डलिंगचा खर्च, कसलंसं 'प्रीमियम पॅकेज', सगळ्याला मान हलत गेली. कर्ज त्यांच्याच ओळखीच्या कंपनीचं. हप्ता जास्त वाटतोय? टायवाल्याने बोटाने दोन बटणं दाबली, पाच वर्षांची सात वर्षं केली, आणि हप्ता खाली आला.

"बघा साहेब, साडूंपेक्षाही कमी हप्ता!"

फोटोवाल्यांची छाती फुगली. पेशंटला सांगतात तसा त्यांनी स्वतःच श्वास धरून ठेवला होता. खिशातून त्यांनी बँकेचं कार्ड काढलं. त्या कार्डामागे गाळ्याची अनामत होती, हे आपण विसरायला नको.

इतक्यात सासूबाईंनी हात वर केला. शाळेत मुलं करतात तसा, सरळ वर. आयुष्यभर त्या बालवाडीच्या बाई होत्या.

"मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळं मिळून किती द्यायचे?"

"आजी, महिन्याला फक्त..."

"महिन्याचं नाही रे बाळा. सात वर्षांत सगळं मिळून किती?"

"त्यात व्याज असतं आजी, त्यामुळे सांगायला थोडं..."

"मग व्याज धरून सांग. मला घाई नाही."

शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून बघायला लागलं. फोटोवाल्यांचे कान तापले. "आई, राहू द्या ना," ते दबक्या आवाजात म्हणाले. "लोक बघताहेत. आपल्याला काय समजतील?"

"काय समजायचं ते समजू देत. बरं, मला सांग," त्या पुन्हा टायवाल्याकडे वळल्या, "हॅन्डलिंग म्हणजे काय? कोण काय उचलतं?"

टायवाल्याने टाय सैल केला. "ते... कंपनीचा नियमच आहे, आजी."

"नियम कुठे लिहिलाय, दाखवतोस?"

आता फोटोवाल्यांचा तोल सुटला. आठवडाभर पोटात साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "थोरल्या जावयाच्या वेळी विचारलंत का हे? नाही ना! ते हुशार, ते मोठे दुकानदार! त्यांच्या गाडीत मुकाट्याने पुढच्या सीटवर बसलात. मी घ्यायला निघालो की लगेच शंका! मीच तेवढा मूर्ख वाटतो का तुम्हाला?"

सासूबाईंचा हात हळूच खाली आला.

"नाही विचारलं तेव्हा," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी इथेच होते, याच खुर्चीवर. मलाही लाज वाटली, लोक हसतील म्हणून. गप्प बसले. आता थोरलीचा चेहरा बघवत नाही. काय झालंय ते ती सांगत नाही, तो सांगत नाही. गाडी दारात आहे आणि घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. तुम्हाला खरं ऐकायचंय ना? जा, बाहेर बसलाय तो. त्याला विचारा."

फोटोवाले तरातरा बाहेर पडले. साडूंचा पुरता पाणउतारा करायचा म्हणून निघाले होते. रस्ता ओलांडला, काचेवर टकटक केलं. काच खाली आली. साडूंचे डोळे लाल होते.

"सही केली का?" त्यांनी घाईने विचारलं.

"अजून नाही. का?"

"मग करू नका!" साडू एकदम म्हणाले. आणि धरणाचं दार उघडावं तसं बोलत सुटले. पाण्याचा भाव खोटा होता. गाडी भलतीच महाग पडली होती. न मागता विमा गळ्यात मारला होता. कर्ज सात वर्षांचं आहे, हे कागद घरी आणून वाचल्यावर कळलं. हप्त्यासाठी आता दुकानातून पैसे काढावे लागणार होते, आणि घरात रोज तोंड चुकवावं लागत होतं.

"अहो, मग मला इथेच का पाठवलंत?" फोटोवाले ओरडले.

साडूंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. "खरं सांगू? तुम्ही दुसरीकडून नीट गाडी घेतली असती, तर आईंसमोर मी एकटाच फसलेला ठरलो असतो. तुम्ही माझ्याहून हुशार निघालेले मला सहन झालं नसतं. म्हणून पाठवलं. मग रात्रभर झोप आली नाही. सकाळी ठरवलं, आत येऊन सांगायचं. पण पाय उचलेना."

फोटोवाले थक्क झाले! आजवर त्यांना वाटत होतं, जळणारे आपण एकटेच. आणि इथे हा भरलेल्या दुकानाचा मालक त्यांच्यावरच जळत होता! राग यायला हवा होता, आलाही. पण त्या रागातच त्यांना आपलं तोंड स्पष्ट दिसलं. आपणही तर बायकोची अनामत यांच्या नाकावर टिच्चून उडवायला निघालो होतो.

"उतरा खाली," ते म्हणाले. "चला माझ्याबरोबर."

दोन साडू हातात हात घालून शोरूममध्ये शिरले, तेव्हा टायवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हं, काय काय घेतलं होतं यांनी?" फोटोवाल्यांनी मोठ्याने विचारलं. "चामड्याची कव्हरं?"

"मी कुठे घेतली?" साडू उडालेच. "माझ्या सीटवर साधं कापड आहे!"

"आणि प्रीमियम पॅकेज?"

"नाव आजच ऐकतोय! उलट मला हा म्हणत होता, समोरच्या दुकानदाराने कोटिंग केलंय, तुम्ही मागे कसे राहता?"

शेजारच्या टेबलावरचा नवरा उठून जवळ आला. "अहो, आम्हालाही तेच सांगतोय. तुमच्या मेहुण्याने घेतलंय म्हणे!"

सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या. बालवाडीत गोंधळ झाला की बसत तशा. "बाळा," त्या टायवाल्याला म्हणाल्या, "तू गाड्या विकतोस की भाऊबंदकी? दोन माणसं एकमेकांशी मनमोकळं बोलत नाहीत, यावरच तुझं सगळं चालतं ना? आणि जावईबापू, तुम्हाला दोघांनाही सांगते. शाळेत मी मुलांना एकच बजावत असे. कळलं नाही तर हात वर करा. हसणारे हसतील, दोन मिनिटांनी विसरतील. हात खाली ठेवलात, तर ती चूक तुमच्याबरोबर घरी येते. तुमची तर सात वर्षं मुक्काम ठोकणार होती!"

व्यवस्थापक धावत आले. साहेब शांत व्हा, आत बसू, काहीतरी कमी करू. कुणी आत बसलं नाही. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर झालं. कोटिंग ऐच्छिक निघालं. पॅकेज ऐच्छिक निघालं. विमा दुसरीकडून घेतला तरी चालतो, कर्जही आपल्या बँकेतून काढता येतं, हेही त्यांच्याच तोंडून निघालं. हॅन्डलिंगचा नियम मात्र कुणालाच सापडला नाही!

फोटोवाल्यांनी कार्ड खिशात घातलं आणि धरून ठेवलेला श्वास सोडला.

साडूंचं सगळंच निस्तरलं असं नाही. तक्रार झाली, खेटे झाले. विमा रद्द झाला, हॅन्डलिंगचे पैसे परत आले, कोटिंगचे बुडाले ते बुडालेच. पण त्यांनी त्या संध्याकाळी बायकोला सगळं खरं सांगितलं, आणि थोरलीने त्यांच्यावर तासभर आगपाखड करून मग दोघांसाठी चहा टाकला.

फोटोवाले घरी आले तेव्हा बायको मशीनवर होती. त्यांनी कार्ड तिच्या पुढ्यात ठेवलं. "सोमवारी गाळेवाल्याकडे जाऊ."

"आणि गाडी?"

"चुकलोच मी. मला गाडी नकोच होती. मला साडूंचा पडलेला चेहरा बघायचा होता. तो आज बघितला. अजिबात मजा आली नाही."

बायकोने मशीनचं चाक थांबवलं आणि पदराने डोळे पुसले.

गाळा उत्तम चालला. दीड वर्षाने फोटोवाल्यांनी गाडीही घेतली. साधी, खालच्या मॉडेलची, कर्ज आपल्या बँकेचं. पहिली चक्कर अर्थात साडूंच्या दारात, आणि पुढच्या सीटवर अर्थात सासूबाई. साडूंनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला हळूच लाथ मारली आणि विचारलं, "सगळं मिळून कितीला पडली?"

फोटोवाल्यांनी व्याज धरून खरा आकडा सांगितला. साडूंचा चेहरा पडला. "एवढ्यात? माझ्याआधी घ्यायला काय झालं होतं हो तुम्हाला!"

मंडळी, मत्सर काही कुणाचा एका दिवसात जात नाही. वाटेल तेवढं जळा! पण व्यवहाराला बसताना तो मत्सर दाराबाहेर ठेवा. हप्ता सांगितला तर एकूण विचारा, नियम सांगितला तर लिहिलेला दाखवा म्हणा. आणि आपण फसलो, तर ते सगळ्यांत आधी आपल्या माणसांना सांगा. आपण लाजेने तोंड मिटलं, की फसवणाऱ्याला पुढचं गिऱ्हाईक मिळतं! ते आपल्याच घरातलं असतं, हे या दोन साडूंना विचारा. आता ते कुणालाही सांगतात, अगदी हात वर करून.