तेल्हाऱ्याला निघालेली निळी मोटार

मित्रांनो, शाळा सुटली की ज्या मोडक्या मोटारीत तुम्ही आठ-दहा जण कोंबून बसता, तोंडानं भोंगा वाजवता आणि दर वेळी दिल्लीला जाऊन जेवायच्या वेळेला घरी परतता, ती जुनी मोटार म्हणजे मी. तेल्हाऱ्याच्या उद्धवरावांच्या गोठ्यात मी कडब्याच्या गंजीला टेकून उभी आहे. सध्या लढाई चालू आहे, पेट्रोल चिठ्ठीवर मिळतं, म्हणून मी थांबले असं मोठी माणसं तुम्हाला सांगतात. ते खरं नाही. मी लढाईच्या आधीच थांबले. का थांबले, ते आज सांगते.

माझा जन्म विलायतेतला. बोटीनं मुंबई आणि मालगाडीनं बडनेरा असा प्रवास करून मी वऱ्हाडात आले. माझा पहिला मालक जंगलखात्यातला एक गोरा साहेब होता. त्यानं मला मेळघाटात पार धारणीपर्यंत हिंडवलं. तिकडे रस्ता म्हणजे नुसता अंदाजच असायचा. साहेबानं मला कधी फडका मारला नाही, पण एक दिवसही घरी बसू दिलं नाही. त्या सहा वर्षांत मी कधी आजारी पडले नाही. एवढं ध्यानात ठेवा.

साहेब परत गेला तेव्हा अमरावतीच्या एका वकिलांनी मला घेतलं. त्यांच्या घरापासून कचेरी चारशे पावलांवर. पण चारशे पावलांत बघणारे कितीसे भेटणार? म्हणून आम्ही रोज सगळ्या गावाला वळसा घालून कचेरीत जात असू. पुढे त्यांनी नवी मोटार आणली आणि मी मागच्या छपरीत गेले. छपरीतल्या कोंबड्यांनी माझी मागची गादी अंड्यांसाठी पसंत केली. माणूस गादीवर कसा बसतो त्यावरून मला तो कळतो. कोंबडी कशीही बसली तरी कोंबडीच.

अशी पाच वर्षं गेल्यावर एका अक्षय्य तृतीयेला हरिहर मास्तर आले. शाळेत भूमितीचे मास्तर, काटकुळे, नाकावर चष्मा. त्यांनी खिशातून टेप काढून मला डोक्यापासून पायापर्यंत मोजलं, कोंबडीला नम्रपणे उठवलं आणि गादीवर बसून डोळे मिटले. असं बसणारा माणूस मोटार घेत नसतो, स्वप्न घेत असतो, हे मी तेव्हाच ओळखलं. मास्तरांनी त्यासाठी स्वतःची सायकल विकली. म्हणजे मोटारीचे मालक झाले त्या दिवसापासून ते शाळेत पायी जाऊ लागले.

त्यांच्या स्वप्नाला कारण होतं. मास्तरांच्या बायकोचं, गोदावरीबाईंचं माहेर इथलं, तेल्हाऱ्याचं. दर दिवाळीला त्यांचा धाकटा भाऊ उद्धव मुराळी म्हणून बहिणीला न्यायला येई. अकोल्यापर्यंत रेल्वे आणि तिथून बैलांची दमणी. एकदा घरच्या लग्नाच्या पंगतीत उद्धवरावांनी सगळ्यांसमोर मास्तरांची टर उडवली होती, "भाऊजी, आमची दमणी नसती तं तुमी अक्काले सायकलच्या दांडीवर बसवून आणलं असतं काय?" पंगत हसली. उद्धवराव हात धुताना ते विसरूनही गेले. मास्तर विसरले नाहीत. "आता तेल्हाऱ्याला येईन तर माझ्या मोटारीतून," असं ते तिथल्या तिथे बोलून बसले, तेही पाटावर, चार लोकांत. झालं.

मला दुरुस्त करायला मिळाला सहदेव. हा जिनात फिटर होता. सरकी आणि रुई वेगळी करणारी ती यंत्रं त्याच्या हातावर चालायची. माझे वायसर तो जिनाच्या जुन्या चामड्यातून कापायचा, आणि ते विलायती वायसरांपेक्षा जास्त टिकले. हाताला इतका शहाणा माणूस मी पाहिला नाही. पण वऱ्हाडातलं जिन कार्तिकात सुरू होतं आणि कापूस संपेपर्यंत, पार चैत्रापर्यंत, फिटरला मान वर करायला फुरसत नसते. सहदेव मोकळा व्हायचा तो पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात काळ्या मातीतून तेल्हाऱ्याला बैलसुद्धा जायला नाही म्हणतो, मी तर मोटार. म्हणजे रस्ता उघडा तेव्हा फिटर बंद आणि फिटर उघडा तेव्हा रस्ता बंद. भूमिती शिकवणाऱ्या माणसाला एवढं गणित कळायला दोन वर्षं लागली.

पहिल्या पावसाळ्यात सहदेवनं माझं इंजिन खोललं. आत कोंबडीची पिसं निघाली, एक चाकू निघाला आणि वकीलसाहेबांची हरवलेली दौत निघाली. दिवाळीला मी धुराचा लोट सोडत सुरू झाले, पण ब्रेक नव्हते. भाऊबीजेला उद्धवराव आले.

"अक्काले धाडा, भाऊजी. आईच्या डोळ्याले काचबिंदू झाला. डाक्तर म्हणते, नजर अशीच आटत जाईन."

गोदावरीबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून मास्तरांकडे पाहिलं. त्यांचं पातळ-खण बांधून तयार होतं.

"फक्त ब्रेक राहिलेत," मास्तर म्हणाले. "संक्रांतीला आम्ही दोघं मोटारीनंच येतो. सांगा आईंना."

संक्रांतीला सहदेव जिनात होता. उद्धवराव एकटे परत गेले होते आणि गोदावरीबाईंनी बांधलेलं गाठोडं सोडून कपडे पुन्हा दांडीवर टाकले होते.

दुसऱ्या पावसाळ्यात ब्रेक झाले, चाकं झाली, दिवे झाले. दसऱ्याला मास्तरांनी मला झेंडूची माळ घातली आणि आम्ही अंबादेवीला जाऊन आलो. मी एकदासुद्धा खोकले नाही. सहदेवनं हात पुसले आणि म्हणाला, "मास्तर, आता टाका वहिनीले गाडीत अन् निघा. हे तेल्हाऱ्याले जाऊन येते. मी सांगून राहिलो."

"अशी? या रंगात?" मास्तर दचकले.

मित्रांनो, माझा रंग तेव्हा पोपडे धरलेला होता हे कबूल. पण मी तयार होते. आयुष्यात इतकी तयार मी आधी कधी नव्हते. तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. माझ्या हातात होतं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी मास्तरांनी हँडल मारताक्षणी मी पहिल्या फेऱ्यात सुरू झाले. मास्तर आनंदानं नाचायचे बाकी राहिले. "बघितलंस, गोदावरी? इंजिन कसं बोलतंय! अशा इंजिनाला शोभेल असाच रंग दिला पाहिजे."

माझ्या उतावळेपणानं माझाच पाय खोलात गेला.

आणि रंग तरी कुठला? ते ऐकलंत तर तुम्हाला मास्तरांवर धड रागावताही येणार नाही. लग्नानंतर गोदावरीबाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या, की आईच्या वावरात जवस फुलायचा तेव्हा तळं साचल्यासारखं निळं दिसायचं आणि आई कामं टाकून बांधावर उभी राहायची. मास्तरांनी ते मनात जपून ठेवलं होतं. म्हातारीची नजर आटायच्या आधी तिच्या दारात जवसाच्या फुलाच्या रंगाची मोटार उभी करायची, असा त्यांचा बेत. चांगला माणूस चुकतो तेव्हा त्याला थांबवायला कुणी सापडत नाही, कारण त्याचा हेतू आडवा येतो.

पत्र्याच्या झाकणांवर त्यांनी एकवीस निळे काढून पाहिले. एक आकाशी झाला, एक शाईसारखा, एक नुसता मोरचूद. प्रत्येक झाकण गोदावरीबाईंसमोर यायचं.

"हा?"

"छान आहे."

"नीट बघ. जवसाचा आहे का?"

"अहो, मला पिवळासुद्धा चालेल."

त्या वर्षी भाऊबीजेला उद्धवराव पुन्हा आले. या वेळी त्यांनी टर उडवली नाही. "आईले आता उन्हात नेल्याबिगर तोंड दिसत नाही, भाऊजी. काहून अडवून राहिले तिले? माह्या तोंडून गेलं असन काई, तं पाया पडतो."

मास्तरांचे कान लाल झाले. पण पाटावरचा शब्द गळ्यात अडकलेला होता. "अडवतो कुठं? दोन हात रंगाचे, की निघालोच."

पहिला हात दिला त्या दिवशी धूळ उडाली. खरवडला. दुसऱ्याला उन्हाळ्याच्या झळांनी फोड आले. खरवडला. तिसरा हात पावसाच्या दमटपणात महिनाभर वाळेना. मी मुकाट्यानं उभी. माझी इतकी निगा कोणी राखली नव्हती. मास्तर शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी माझ्याकडे येत, धोतराच्या सोग्यानं पितळी दिवे पुसत. आणि गोदावरीबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या असत. त्या माझ्याकडे अशा बघत, की मला वाटे, सगळा रंग आपणच झटकून टाकावा आणि यांना घेऊन निघावं. पण हँडल दुसऱ्याच्या हातात असलेल्याला निघता येत नाही.

अखेर तिसऱ्या दिवाळीला मी निळी झाले. खरंच जवसाच्या फुलासारखी. गल्लीतल्या तानुबाई म्हणाल्या, "मास्तर, हे मोटार हाये का वावर?" मास्तर त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. आता फक्त डोक्यावरचा कापडी टप शिवायचा राहिला होता.

त्या भाऊबीजेला मुराळी आला नाही. कार्ड आलं. पत्र वाचून गोदावरीबाईंनी ते मास्तरांच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यात एकच ओळ कामाची होती. आई आता आम्हाला आवाजावरून ओळखते.

मास्तर हात धुऊन बाहेर आले तेव्हा गोदावरीबाई माझ्या मागच्या गादीवर बसलेल्या होत्या. मांडीवर गाठोडं. मला पहिल्यांदा कळलं की त्या किती हलक्या आहेत.

"हे काय? कुठं निघालीस?"

"तेल्हाऱ्याला."

"अगं, पण टप अजून..."

"तुम्ही टप शिवा. मी बसलेय."

मास्तर घरात गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. दुपार उलटली. बाई हलल्या नाहीत. पाणीसुद्धा गादीवरच मागून घेतलं. संध्याकाळी मास्तर स्वतः जिनात गेले आणि सहदेवला घेऊन आले. त्याच्या केसांत, भुवयांत सगळीकडे कापूस चिकटलेला. त्यानं बाईंना पाहिलं, मग मास्तरांना.

"मास्तर, गेल्या सालीच म्हटलं होतं मी. आज जिनात माणूस कमी हाये, पण येतो मी. पहाटीच निघू."

पहाटे निघालो. मूर्तिजापूरला माझं पाणी उकळलं, सहदेवनं विहिरीवरून डबा भरून आणला. अकोल्याच्या अलीकडे कापसाच्या बंड्यांची रांग लागली होती. बाभळीच्या काट्यांना रुई लटकलेली. प्रत्येक बंडीवाला बैल बाजूला घेऊन माझ्याकडे बघत राही आणि मास्तर, सवयीनं, थोडे ताठ बसत. गोदावरीबाई सरळ पुढे बघत होत्या. पूर्णेचा पूल ओलांडला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी होतं नव्हतं ते सगळं चाकांत घातलं. धारणीच्या घाटातसुद्धा मी इतकी धावले नव्हते. पण मित्रांनो, वाटेवरचं अंतर काटता येतं. मागं पडलेल्या दोन दिवाळ्या मला काही केल्या काटता येईनात.

उद्धवरावांच्या दारात गाव जमलं. "अबे, काय गाडी हाये!" असं दहा तोंडांतून आलं. उद्धवराव माझ्याकडे बघेचनात. ते आत गेले आणि आईंना हाताला धरून घेऊन आले. पार्वताबाई त्यांचं नाव. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, चेहरा उन्हाकडे उचललेला.

त्यांचा हात आधी माझ्या मडगार्डवर पडला. मास्तरांनी सात वेळा घोटलेला तो मडगार्ड. त्यांनी त्यावरून हात फिरवला, दिव्यापर्यंत नेला, परत आणला.

"लई गुळगुळीत हाये हो," त्या म्हणाल्या. "जवाईबापू, तुमीच केली म्हणते. रंग कोणता देला?"

मास्तरांनी तोंड उघडलं. वर्षभरात एकवीस निळ्यांची नावं ज्यांना पाठ झाली होती, त्यांना एकही आठवलं नाही.

"जवसाच्या फुलाचा, आई," गोदावरीबाई म्हणाल्या. "आपल्या वावरातला. तुझ्यासाठी दिलाय त्यांनी."

म्हातारीनं मान हलवली. मग आवाजाच्या दिशेनं हात लांब केला आणि लेकीचा गाल शोधून काढला.

"रंगाचं राहू दे बाई. तू कशी दिसतं आता, ते सांग मले."

बाईंना ते सांगता येईना. स्वतःचं तोंड कोणाला सांगता येतं? मास्तर माझ्या मागच्या बाजूला गेले आणि जिथं धुळीचा कण नव्हता तिथं धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. बराच वेळ.

परतीच्या दिवशी गल्लीच्या वळणावर माझा मागचा आस मोडला. सहदेव म्हणाला, पावसाळ्यात येऊन बसवतो. मास्तर म्हणाले, "राहू दे." माझ्या बाबतीत हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. ते सगळे दमणीतून अकोल्याला गेले आणि तिथून रेल्वेनं घरी. तेव्हापासून दर दिवाळीला मुराळी जातो आणि त्याच दिवशी गोदावरीबाई निघतात. गाठोडं एकदाही सोडावं लागलेलं नाही. इथं आल्यावर दुपारी त्या आईला घेऊन माझ्या मागच्या गादीवर येऊन बसतात. आई गालावर हात ठेवते आणि लेक बोलत राहते.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा, पुसा, सांभाळा. मी तसं विनवणार नाही. मला भरपूर जपलं गेलं. तुमच्या पायांची माती गादीला लागू दे, रंगाचा पोपडा निघाला तर निघू दे. फक्त घरी कोणी गाठोडं बांधून बसलं असेल, तर माझ्याकडे बघत उभे राहू नका. बंडी असो, सायकलची दांडी असो, त्यांना घेऊन त्याच दिवशी निघा.