काजळीचं नाव तेवढं राहिलं

देवगाव फाट्याजवळच्या त्या गावात गायरानाचा विषय निघाला की डोकी फुटत. म्हणून एका संस्थेनं बचत गटाच्या शीलाकडे बोलणारं मशीन दिलं. प्रत्येकानं एकट्यानं त्याच्यापुढं आपलं म्हणणं सांगायचं, मशीन नावं गाळून ते भरसभेत वाचणार आणि शेवटी सगळ्यांचा मिळून निर्णय. शीला त्या मशीनवर भाळलीच होती. मेंढरं राखणाऱ्या भागुबाईला तिनंच दंडाला धरून मशीनच्या खोलीत नेलं होतं.

"नाव निघायचं न्हाई नव्हं?"

"न्हाई, मावशी. माज्यावर इस्वास ठिवा."

सभेत पुढं भुजंग बसला होता. गायरान नांगरून कापूस लावणारा हाच, आणि गाव त्याला वचकून. मशीन गोड आवाजात वाचू लागलं, "एका सहभागीचे म्हणणे. कापूसवाल्याने गायरानातल्या हौदात विष कालवले. मी डोळ्यांनी पाहिले. माझी काजळी तडफडून मेली."

माणसांची नावं मशीननं बरोबर गाळली होती. मेंढीचंही नाव असतं, हे त्या शहाण्याला कुठलं ठाऊक! भागुबाईची काजळी तर गावातलं शेंबडं पोरही ओळखायचं. शीलानं सभेआधी मशीनकडून हे वाचून घेतलं होतं आणि मेंढीचं काय एवढं, म्हणून सोडून दिलं होतं.

भुजंगानं मंडपाची पहार उचलली. "म्हातारे, लय बोलायलीस!"

पहिल्या घावात भागुबाईचा खांदा मोडला. नवरा येडबा आडवा आला, तर भुजंगाच्या कोपरानं त्याचे दात मातीत पडले. दुसरा घाव तिच्या डोक्यात बसला.

"कृपया एका वेळी एकानेच बोलावे. कोणाचा आक्षेप आहे का?" मशीन म्हणालं. चाळीस माणसांपैकी एकानंही चकार शब्द काढला नाही.

शीला भागुबाईवर आडवी पडली. तिसऱ्या घावानं तिचं मनगट गेलं. दुखणं कळेना इतका संताप आला होता, भुजंगाचा आणि त्याहून स्वतःचा. खाली भागुबाईचा श्वास थांबला होता.

"मशिनातलं समदं पुसून टाक," भुजंग धापा टाकत म्हणाला. "न्हाईतर तुजंबी हेच."

शीलानं धड असलेल्या हातानं मशीन ओढलं. "माजा आक्षेप हाय. भुजंगानं भागुबाईला जिवं मारलं. मी शीला. माजं नाव गाळू नको."

"धन्यवाद. आपले नाव गुप्त ठेवले जाईल."

तिनं मशीन भिरकावलं, उठली आणि तेच शब्द चाळीस माणसांच्या तोंडावर ओरडून सांगितले. भुजंगानं पहार उगारली. येडबानं ती मागून दोन्ही हातांनी धरली, आणि मग कुठं त्या चाळीस जणांना आपल्यालाही हात असल्याचं आठवलं.