एकशे एकतीस घोडे आणि चार दात

दातांच्या डॉक्टरांनी गेली दोन वर्षं आपल्या गाडीचे घोडे नुसत्या तोंडाने वाढवले होते. कंपनीने इंजिनाची ताकद एकशे वीस हॉर्सपॉवर लिहिलेली. नवा सायलेन्सर बसवल्यावर डॉक्टर दीडशे म्हणू लागले, आणि मग काहीही न बसवता एका वाढदिवसाच्या जेवणात थेट दोनशेवर गेले. खुर्चीत आ वासून बसलेले पेशंट बिचारे काय बोलणार?

मेहुणा मात्र फरश्यांचा दुकानदार. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. शिवाय त्याची स्वतःची गाडी, त्याच्या मते, एकशे ऐंशीची.

"दाजी," तो म्हणाला, "कागदी घोडेच नाचवायचे तर निदान कागद तरी दाखवा!"

म्हणून शनिवारी सकाळी दोघे आपापली गाडी घेऊन डायनोवाल्या, म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र असलेल्या, मिस्त्रीबाईंकडे हजर झाले. त्यांच्या शेडमध्ये जमिनीत दोन जाडजूड, गरगर फिरणारे लोखंडी रूळ बसवलेले होते. गाडीची चाकं रुळांवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी चारी बाजूंनी जखडायची आणि जागच्या जागी पळवायची. किती घोडे ते संगणक सांगतो.

मिस्त्रीबाईंनी आधी डॉक्टरांच्या गाडीचे पट्टे आवळले, समोर पुरुषभर उंचीचा पंखा लावला आणि डॉक्टरांना काचेमागे उभं केलं. गाडी गर्जू लागली. काच थरथरली, डॉक्टरांची छाती फुगली. मग सगळं शांत झालं आणि पडद्यावर आकडा आला.

शहाण्णव.

"हा अर्धाच दाखवतोय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"पूर्ण आहे," मिस्त्रीबाई म्हणाल्या.

"म्हणजे कंपनीने दिलेलेसुद्धा चोवीस पळाले!" मेहुणा गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता. "दाजी, तबेल्याचं दार उघडं राहिलं वाटतं!"

मिस्त्रीबाईंना मात्र आकडा खटकला. "इंजिनाचा श्वास कोंडल्यासारखा वाटतोय," असं म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनाला हवा पुरवणाऱ्या पेटीचे स्क्रू काढले. झाकण उचललं आणि आतून एक गुबगुबीत उंदीर उडी मारून, मेहुण्याच्या बुटावरून पळत शेडबाहेर गेला. मेहुणा किंचाळत स्टुलावर चढला.

पेटीत उंदराचा संसार थाटलेला होता. डॉक्टरांच्या दवाखान्यातले कापसाचे बोळे, शेंगदाण्यांची टरफलं, आणि मधोमध, उशाला घ्यावी तशी, चार दातांची कवळी.

"याला म्हणतात दातखीळ बसणं," मिस्त्रीबाई गंभीरपणे म्हणाल्या.

मेहुणा स्टुलावरूनच वाकला. त्याचं हसू मावळलं. "दाजी, ही तर बाबांची कवळी!"

डॉक्टरांनी कवळी उचलून उलटसुलट करून पाहिली. तीन महिन्यांपूर्वी, हिरडीला टोचते म्हणून, सासऱ्यांची कवळी त्यांनी घासायला नेली होती. सासरे परत मागू लागले तेव्हा डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले होते, "बाबा, मी दिली की तुम्हाला! या वयात विसर पडायचाच." ती गाडीच्या खणात राहिली होती, आणि तिथून उंदराने पळवली, हे आत्ता लक्षात आलं. सासऱ्यांनी मात्र जावयाचा शब्द खरा मानला. आपली स्मरणशक्ती गेली असं समजून त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली लेकीच्या हवाली केली.

पेटी साफ करून गाडी पुन्हा पळवली. एकशे एकतीस. एरवी डॉक्टर नाराज झाले असते. आज त्यांनी आकड्याचा छापील कागद न वाचताच खिशात कोंबला.

मेहुण्याची गाडी एकशे अठराच निघाली. त्याने पेटी उघडायला लावली, टॉर्च मारून आत डोकावला.

"उंदीर नाही?"

"नाही."

"नीट बघा हो. निदान एखादी पाल?"

"साहेब, तुमची गाडी ठणठणीत आहे," मिस्त्रीबाई म्हणाल्या. मेहुण्याला त्याहून वाईट बातमी त्या वर्षात मिळाली नव्हती.

दुपारी डॉक्टर सासऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले. कवळी रुमालात गुंडाळलेली होती.

"बाबा, चूक माझी. तुम्ही काही विसरला नव्हतात. मीच विसरलो होतो."

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, उंदरासकट. मग म्हणाले, "हे दात उंदरालाच परत दे. मला नवे कर. आणि आधी माझ्या लेकीला गाडीची किल्ली आणायला सांग."

किल्ली हातात पडताच ते ताडकन उठले. "मी काय म्हणतो, त्या बाई पुढच्या शनिवारी असतील का?"

शनिवारी ते आपली पंचवीस वर्षांची जुनी गाडी स्वतः चालवत शेडमध्ये आले. जावई आणि मुलगा मागच्या सीटवर अंग चोरून बसले होते. रुळांवर गाडी खोकली, शिंकली, आणि शेवटी इमानाने पळाली. आकडा आला एकेचाळीस.

"एकेचाळीस!" सासरे मिस्त्रीबाईंकडे वळून म्हणाले. "अहो, मी तर पस्तीसच धरले होते."

आणि कागदाची एक जास्तीची प्रत मागून घेऊन ते गाडीत जाऊन बसले.