दोन्ही पाण्यांत चालेल अशी नाव

केशवरावांनी लेकीसाठी नाव पसंत केली, पण त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. समुद्रही त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही वर्षालीच्या लग्नात, चपला हातात धरून ओल्या वाळूवर उभं राहून.

त्यांचं गाव दर्यापूरच्या बाजूचं, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. वर्षाली मासेमारीचं शिक्षण घ्यायला कोकणात निघाली तेव्हा ते म्हणाले होते, "खारं पानीच पाहाचं होतं त वावरात का कमी होतं?" पोरगी हसली आणि गेली. शिकली, आणि तिकडच्याच एका कोळ्याच्या पोराशी, जीवनशी, लग्न ठरवून मोकळी झाली. केशवराव चार-सहा महिने घुम्यासारखे वागले. मग जीवन एकदा घरी येऊन राहिला, सासऱ्यासोबत तुरीच्या शेंगा तोडायला वावरात गेला, आणि गोष्ट मिटली.

मिटली नाही ती धास्ती. वर्षाली नवऱ्यासोबत नावेवर जायची. त्यांची होडी जुनी, लाकडी, खाडीपुरती. मागच्या साली बांगडा किनाऱ्याजवळ आला म्हणून दोघं तीच घेऊन बाहेर समुद्रात गेले, आणि परत येताना खाडीच्या तोंडाशी एक लाट सरळ आत पडली. इंजिन बंद. दुसऱ्या नाववाल्यांनी दोर टाकून ओढून आणलं. वर्षालीने हे फोनवर हसत हसत सांगितलं. केशवराव "बरं, बरं" म्हणाले, फोन बायकोकडे, पार्बताबाईंकडे दिला आणि अंगणात जाऊन बराच वेळ उगाच नळी गुंडाळत बसले.

त्यानंतर नवी नाव घ्यायचं ठरलं. फायबरची. वर्षाली म्हणाली, "बाबा, एकच घ्याची हाय, अन् दोन्हीकडे चालली पाहिजे. खाडीत ओहोटी लागली की गुडघाभर पानी राहाते, तिथं टेकली नाई पाहिजे. अन् बाहेर लाट आली त तिनं लाट कापली पाहिजे. एका कामाच्या नावा लय हायत. दोन्ही कामाची भेटून नाई राहिली."

केशवरावांना त्यातलं एवढंच समजलं की नाव चांगली भेटून नाही राहिली.

मग असं झालं की ते संत्र्याची कलमं पाहायला मोर्शीकडे गेले होते, आणि तिथल्या धरणाच्या काठावर बाभळीखाली दोन फायबरच्या नावा पडलेल्या दिसल्या. मालक चंद्रभान म्हणून एक भोई. धरणातल्या मासेमारीचं काम त्याने कमी केलं होतं आणि दोन्हीपैकी एक विकायची होती, गिऱ्हाईक म्हणेल ती. एक नाव रुंद, सपाट बुडाची, एखाद्या बैठकीसारखी. दुसरी अरुंद, तोंडाकडे निमुळती, बुडाला मधोमध धार.

"हे दुसरी किनाऱ्याकडून आनली होती," चंद्रभान म्हणाला. "पन हलते लय. जाळं ओढाले उभा राहिलं की डुलते. माह्या मानसाईले नाई आवडत."

केशवराव रुंद नावेत चढले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. एका कडेवर बसले. नाव हलली नाही. (ती जमिनीवर होती, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.) त्यांना एकदम असं वाटलं की पोरगी समुद्रात जायचीच असेल तर अशा नावेत जावी. त्यांनी चंद्रभानला शब्द दिला आणि तिथूनच नावेचा फोटो पाठवून कोकणात फोन लावला.

जूनच्या सुरवातीला समुद्रातली मासेमारी बंद झाली तशी वर्षाली आणि जीवन रेल्वेने अकोल्याला उतरले. केशवराव गाडी ठरवून स्टेशनवर हजर. दुसऱ्या दिवशी सकाळीच चौघं मोर्शीला निघाले. चौघं, कारण पार्बताबाईंनी सांगून टाकलं होतं, "पोरगी ज्यात बसनार हाय ते मी पाह्यल्याबिगर घेऊ नका." पुऱ्या, आलूची कोरडी भाजी आणि लोणचं बांधून त्या सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

धरणावर पोचले तेव्हा पाणी परातीतल्यासारखं शांत होतं. केशवरावांनी जावयाला हाताला धरून रुंद नावेपाशी नेलं. जीवनने तिच्याभोवती एक चक्कर मारली, बुडाखाली वाकून पाहिलं, अंगठ्याने कुठे कुठे दाबलं.

"चांगली आहे, बाबा," तो म्हणाला. "मजबूत आहे."

मग तो दुसऱ्या नावेपाशी गेला. तिच्या तोंडावरून, धारेवरून त्याचा हात हळूहळू फिरत राहिला, बाजारात गोऱ्ह्याच्या पाठीवरून फिरतो तसा. केशवरावांनी अशी माणसं जन्मभर बाजारात पाहिली होती. त्यांच्या मनात जरा खुट्ट झालं.

"दोन्ही नावा पान्यात टाकून पाहू," वर्षाली म्हणाली.

चंद्रभानने इंजिन आणलं. कधीकाळी पर्यटकांसाठी घेतलेली नारिंगी जॅकेटंही काढली, आणि जीवनने ती सगळ्यांना अंगात घालायला लावली. आधी रुंद नाव. शांत पाण्यात ती अशी सुरेख चालली की केशवराव मधल्या फळीवर मांडी घालून बसले. परत येऊन दुसरीत पाय टाकला तशी ती एकदम त्यांच्याकडे कलली. पार्बताबाई चढताना पुन्हा कलली.

"पाहा," केशवराव म्हणाले. "उभ्या मानसाले हे पाडते. समुद्रात काय करन?"

जीवन क्षणभर वर्षालीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही निवडलेली चांगलीच आहे. तीच घेऊ."

केशवरावांना बरं वाटायला हवं होतं. पण वर्षालीने मान फिरवली होती आणि ती पाण्याकडे पाहत उभी होती. लहानपणी नको असलेला फ्रॉक निमूट घालून घेतला की ती अशीच उभी राहायची. मग काठावरच जेवायला बसले. चंद्रभानच्या बायकोने तळलेले मासे आणून दिले, ते एकट्या जीवनने मनापासून खाल्ले.

जेवणं होईपर्यंत वारा सुटला. जूनमधला पश्चिमेचा वारा, मैलभर उघड्या पाण्यावरून येणारा. लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागले. चंद्रभान म्हणाला, "आता नका जाऊ भाऊ, अंग भिजन."

"आताच जाऊ," वर्षाली म्हणाली. "बाबा, चाला. ज्यात मले बसवाचं हाय त्यात तुमी बसून पाहा."

केशवराव बसले. मनातून नको होतं, पण पोरीसमोर नाही म्हणवलं नाही. रुंद नाव काठाच्या आडोशातून बाहेर आली आणि पहिल्याच लाटेवर तिचं सपाट बुड थाडकन आपटलं. दात दातावर बसले. पुन्हा थाड. पुन्हा. वऱ्हाडातल्या कोणत्याही खराब रस्त्यावर, बिनस्प्रिंगच्या बैलबंडीतही असे हाडाला दणके त्यांनी खाल्ले नव्हते. जीवनने वेग कमी केला, तर वाऱ्याने नाव आडवी लोटायला सुरवात केली. कोपऱ्यावरून पाणी आत आलं आणि केशवरावांच्या मांडीवर पडलं. त्यांनी फळी दोन्ही हातांनी धरली होती. समोर पाहिलं तर वर्षाली डबड्याने पाणी बाहेर फेकत होती, सवयीने, चेहऱ्यावर काही न दाखवता.

खाडीच्या तोंडाशी ती असंच करत असेल, हे त्यांच्या मनात आलं, आणि पाण्यापेक्षा त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"वळवा," ते म्हणाले. "जीवनराव, वळवा परत."

काठाला लागल्यावर ते उतरले, धोतराचा सोगा पिळला आणि कोणाकडे न पाहता म्हणाले, "आता ते दुसरी."

या वेळी इंजिनाचा दांडा वर्षालीने हातात घेतला. अरुंद नाव निघाली ती डुलतच. केशवरावांनी डोळे मिटून घेतले होते. थाड ऐकू येईल म्हणून ते वाट पाहत राहिले, पण ते आलंच नाही. डोळे उघडले. नावेचं तोंड लाटेत शिरत होतं आणि लाट दोन्हीकडे उलटी पडत होती, नांगराच्या फाळाने माती पडावी तशी. नाव कलायची, थोडी कलून थांबायची, आणि आपसूक सरळ व्हायची. वर्षाली लाट यायच्या आधीच वेग थोडा कमी करत होती, लाट खाली गेली की वाढवत होती. तिची नजर नावेवर नव्हतीच. ती दूर, अजून न आलेल्या लाटेकडे पाहत होती.

हे तिला कोणी शिकवलं, असं त्यांना विचारावंसं वाटलं. पण आपण तिला पाण्यावर कधी पाहिलंच नव्हतं, एवढंच त्यांच्या लक्षात आलं. छातीतला एक जुना पेच कोणीतरी एक आटा सैल केल्यासारखं झालं.

परत येताना जीवनने नाव मुद्दाम उथळाकडे घ्यायला लावली, जिथे धरणाचं पाणी ओसरून चिखल उघडा पडला होता. इंजिन वर उचललं आणि तो खाली उतरला. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, आणि नाव त्यात तरंगत होती. तोंडाकडची धार मागे येता येता जवळजवळ सपाट झाली होती.

"हेच हवं होतं," तो म्हणाला. "पुढून समुद्राची, मागून खाडीची."

काठाला लागल्यावर एका गोष्टीने मात्र त्याचं तोंड उतरलं. इंजिन लटकवायच्या मागच्या फळीवर त्याने हाताने ठोकलं, तेव्हा एका बाजूला आवाज दबका आला. फायबरच्या आतलं लाकूड कुजलं होतं. चंद्रभानने लपवलं नाही. "ते फळी बदलवा लागते," तो म्हणाला. "त्या हिशेबानंच देईन." वर्षालीने सांगितलं की हे काम त्यांच्या गावचा मिस्त्री करतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तेव्हा जेवणापासून काठावर दगडावर बसलेल्या पार्बताबाई उठल्या.

"मले एकच सांगा," त्या म्हणाल्या. "पान्यानं भरली त बुडते का?"

गेलं वर्षभर केशवरावांच्या जिभेवर हाच प्रश्न होता, पण उत्तर ऐकावं लागेल म्हणून तो त्यांनी कधी तोंडाबाहेर काढला नव्हता.

"रुंदवाली तळाले बसते," चंद्रभान सरळ म्हणाला. "हिचं मले मालूम नाई. कधी भरली नाई."

"हिच्या दोन्ही कडांना बंद पोकळ्या आहेत, आई," जीवन म्हणाला. "आत फोम भरलेला असतो. बुडायला नको."

"नको म्हनजे?"

"म्हणजे बुडत नाही."

"मंग भरून दाखवा."

जीवन हसला. त्याने आणि चंद्रभानने इंजिन उतरवून काठावर ठेवलं, नाव छातीभर पाण्यात ढकलली आणि बुडाचं बूच काढलं. पाणी गुळगुळ आत यायला लागलं. बादल्यांनी वरूनही ओतलं. नाव खाली खाली जात राहिली, आणि केशवराव काठावर उभे राहून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. कड पाण्यापासून चार बोटं उरली आणि नाव थांबली. जीवन आत चढला. थोडी दबली, पण गेली नाही. चंद्रभान चढला. तरी नाही. मग वर्षाली चढली, आणि तिघं त्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या नावेत कमरेपर्यंत भिजून बसून राहिले.

पार्बताबाईंनी लुगडं वर खोचलं, पाण्यात उतरल्या आणि दोन्ही हातांनी नावेची कड सगळा जीव लावून खाली दाबली. नाव जराशी गेली आणि वर आली. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा वर आली.

"हे घ्या," त्या म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

केशवराव खाली बसले. उभं राहवेना म्हणून नव्हे, आता उभं राहायची गरज उरली नव्हती म्हणून. त्यांना हसू येत होतं आणि ते उपरण्याने तोंड पुसत होते. थोड्या वेळाने चंद्रभानला म्हणाले, "भाऊ, मी तुमाले त्या दुसरीचा शब्द देल्ला होता."

"माही एक नाव जानं हाय," चंद्रभान म्हणाला. "हे गेली त माही मानसं खूश होतीन. रुंदवाली इथंच बरी हाय, इथं कुठं समुद्र हाय."

संध्याकाळी गाडीपाशी कपडे वाळवत जीवन त्यांच्याजवळ आला. जरा घुटमळला.

"बाबा, एक सांगू? तुम्ही व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला ना, तेव्हाच मला कळलं होतं की ती आमच्या कामाची नाही. येताना रेल्वेत रात्रभर झोप नाही. तुम्हाला नाही कसं म्हणायचं, हेच दोघं ठरवत होतो."

"मंग सकाळी हो काहून म्हनलं?"

"तुम्ही एवढ्या हौसेने मांडी घालून बसला होतात."

केशवराव त्याच्याकडे वळले. "अन् घेऊन गेले असते? अन् तिले घेऊन त्याच नावेत समुद्रात गेले असते?"

"नाही. खाडीतच वापरली असती. बाहेर जायचं सोडून दिलं असतं."

"बाप्पा," केशवराव म्हणाले, "जावयानं असं नाई करू. पुढं कधी माह्यं चुकलं त तोंडावर सांगाचं. आमच्याकडे कोनाले राग येत नाई." मग स्वतःच म्हणाले, "येते. पन जाते."

जीवन मोकळा हसला.

नाव पुढल्या आठवड्यात ट्रकवर चढली. कोकणात जायच्या आधी ट्रक केशवरावांच्या दारावरून गेला, कारण त्यांनी ड्रायव्हरला तसंच सांगितलं होतं. सगळं गाव जमलं. शेजारचे नत्थुजी ट्रकभोवती फिरून आले आणि म्हणाले, "केशवभाऊ, आपल्या नाल्याले एवढं पानी येनार हाय का यंदा?"

"पोरीची हाय," केशवराव म्हणाले. "समुद्रात जाते ते."

बायांनी नावेला कुंकू लावलं. जीवन ड्रायव्हरजवळ बसून निघून गेला. वर्षाली आणखी आठवडाभर माहेरी राहणार होती. दुपारी तिने पाहिलं तर केशवराव ओसरीवर खाटेवर आडवे झाले होते, तोंड उघडं, एक हात खाली लोंबत. माशी बसत होती तरी जाग नव्हती.

"उठवू का? चहा झाला," ती म्हणाली.

"राहू दे," पार्बताबाई म्हणाल्या. "लय दिवसाचे जागे हायत." आणि त्यांनी चहा दोघींपुरताच गाळला.