मला गप्प करून वेगवान केलं

मी पंचशीलाचा कॉम्प्युटर बोलतोय, आणि रागानं बोलतोय. पुष्कळ साठलंय मनात, तेव्हा गोड ऐकायला मिळेल अशी आशा धरू नका. तुम्ही मला ओळखता. टेबलाखालचा काळा डबा. माझ्या डोक्यावर तुम्ही चहाचा कप ठेवता आणि मी लवकर सुरू झालो नाही की मलाच चापट मारता.

माझा जन्म हैदराबादच्या एका दुकानातला. तिथं भालकीचा बुद्धरत्न कॉम्प्युटर जोडायच्या कामाला होता. गावात हाताला काम नव्हतं म्हणून गेलेला. माझी अर्धी हाडं एका बंद पडलेल्या ऑफिसातल्या भंगारातली आहेत, अर्धी नवी. मेमरी बेताचीच. "धावायचा न्हाई, पन ओझं न्हेईल," असं बुद्धरत्ननं मला बांधता बांधता दुकानदाराला सांगितलं होतं. ते खरं होतं. मग त्यानं मला गोधडीत गुंडाळलं, बसच्या टपावर चढवलं आणि धाकट्या बहिणीकडं भालकीला पाठवलं.

पंचशीलाला जन्मापासून दिसत नाही. गुलबर्ग्याच्या अंधशाळेत ती शिकली, पुढं बी.ए. झाली. टायपिंगही शाळेतच शिकली, तेसुद्धा दहाही बोटांनी, चालल्यासारखं सहज. तिच्यासाठी बुद्धरत्ननं माझ्यात एक प्रोग्राम घातला होता. पडद्यावर जे जे येईल ते तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. कुठलं बटण दाबलं, कुठली खिडकी उघडली, काय लिहिलं, सगळं. आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा. पंचशीलानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव मास्तर ठेवलं.

तुम्हाला पडदा दिसतो, म्हणून तुम्हाला हा आवाज म्हणजे गंमत वाटते. तिच्यासाठी मास्तर म्हणजेच पडदा. मास्तर बोलले तर मी कॉम्प्युटर, नाहीतर पत्र्याचा डबा. हे वाक्य नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं शिकल्यासवरल्या माणसांनाही ते कळलं नाही.

सकाळी ती माझं बटण दाबायची आणि चहाचं आधण ठेवायची. चहा उकळायच्या बेतात आला की मास्तर पहिला शब्द बोलायचे. "उठले मास्तर," ती म्हणायची आणि कप घेऊन समोर येऊन बसायची. बरे दिवस होते.

मग गल्लीला कळलं की सुमनबाईच्या घरी कॉम्प्युटर आलाय.

सुमनबाई म्हणजे तिची माय. तिचा हिशोब सरळ होता. घरात शिडी असो, पाटा असो, की कॉम्प्युटर, शेजाऱ्यानं मागितलं की द्यायचं. कलाबाई लेकीच्या लग्नाची सीडी घेऊन आली. तिचे भाचे गाणी भरून गेले. कुणी कॅलेंडर टाकलं, कुणी पडद्याच्या कोपऱ्यात नाचणारं घड्याळ. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे रविकुमार. बाजारात त्याचा कॉम्प्युटर क्लास होता, त्यामुळं गल्लीत तोच डॉक्टर. त्यानं व्हायरस मारणारा प्रोग्राम फुकट म्हणून टाकला, आणि काही महिन्यांनी पहिला न काढता दुसरा टाकला. एका म्यानात दोन तलवारी! दोघं दिवसभर एकमेकांवरच संशय घेत बसायचे आणि दम माझा जायचा.

वाईट ते पुढंच. ह्यातला प्रत्येक पाहुणा मी जागा झालो की माझ्याबरोबर उठायचा. कॅलेंडर उठणार, घड्याळ उठणार, दोन्ही तलवारी उठणार. ह्या गर्दीतून वाट काढत मास्तर शेवटी यायचे. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी त्यांचा पत्ता नसायचा.

"माय, कुनाला हात लावू दिऊ नको म्हनलं होतं न्हव?" पंचशीला चिडायची.

"रवीच्या बोअरचं पानी पितो आपन," सुमनबाई म्हणायची. "त्याला न्हाई कसं म्हनू?"

गप्प बसायला लावणारी कारणं गरिबाच्या घरात पुष्कळ असतात.

अशात हुमनाबादच्या एका खासगी कॉलेजात टायपिस्टची जागा निघाली. पंचशीलानं फोन करून विचारलं. तिकडून उत्तर आलं की अंध उमेदवार चालेल, पण बोलणारा कॉम्प्युटर आमच्याकडं नाही, तुमचा तुम्ही घेऊन या. ती त्या दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसली. भावाच्या पैशावर किती दिवस जगायचं, हे तिच्या मनात कायम सलत असे. ही नोकरी तिला हवी होती. भूक लागलेल्याला भाकरी हवी असते तशी.

टायपिंगच्या परीक्षेला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती कलाबाईबरोबर नव्या चपला घ्यायला बाजारात गेली. इकडं सुमनबाईनं रविकुमारला बोलावलं. तिचा हेतू वाईट नव्हता. चार मोठ्या माणसांत लेकरू न्यायचं तर त्याचं नाक पुसून, केस विंचरून नेतात, तसं तिला मला न्यायचं होतं.

"रवी, लई येळ लावायलाय रं हा. सायबलोकांसमोर लाज नगं. जरा नीट करून दे."

रविकुमार बसला. माझ्याबरोबर कोण कोण उठतं त्याची यादी त्यानं पडद्यावर काढली. "काकी, हे बघा. फुकटची भानगड किती उठायलीय!" अरे शहाण्या, भानगड भरली कुणी? दोन्ही तलवारी समोर दिसत होत्या. त्यांना त्यानं हात लावला नाही. "हे लागतंय," म्हणाला. स्वतः टाकलेलं कसं काढणार! आणि इंग्रजी नाव ओळखीचं वाटलं नाही म्हणून मास्तरांपुढची बरोबरची खूण मात्र त्यानं एका झटक्यात पुसली. कॅलेंडर गेलं, घड्याळ गेलं, मास्तर गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. वर पडद्यावरची आयकॉनची बारकी चित्रं 'कचरा' म्हणून पुसली. त्यात मास्तरांना हाका मारायचं चित्रही गेलं. तीन बटणं एकदम दाबून पंचशीला त्यांना उठवायची, ती बटणं त्या चित्रालाच बांधलेली होती. शेवटी पाठीमागं त्यानं लाल गुलाबाचा फोटो लावला. सायबांना बरं वाटावं म्हणून!

मग त्यानं मला बंद करून पुन्हा चालू केलं. मी पटकन उठलो. त्याची छाती फुगली.

"बोलत न्हाई व्हय?" सुमनबाईनं विचारलं. शाबास माय, तेवढं तुझ्या ध्यानात आलं!

"बोलंल की. पंची बसली की बोलंल."

म्हणजे मी तिची चाहूल ओळखून तोंड उघडणारा पोपट! क्लास चालवणाऱ्या माणसाचं हे ज्ञान.

पंचशीला परत आली तेव्हा लाईट गेलेली. रविकुमारनं हात लावल्याचं ऐकून तिचा चेहरा उतरला. "मास्तरला काय केलं न्हाई न्हव त्यानं?" ती मायला पुन्हा पुन्हा विचारत राहिली. लाईट काही आली नाही. सकाळीही नव्हती. मला न तपासताच गोधडीत बांधलं आणि जीपमध्ये ठेवलं. हुमनाबाद येईपर्यंत तिचा हात माझ्यावरच होता.

कॉलेजच्या हॉलमध्ये दोघं परीक्षक होते. हेडक्लार्क लिंगराज आणि उतारा वाचून दाखवणाऱ्या सुशीलाबाई मॅडम. दाराशी एक शिपाई. वायरी जोडल्या, बटण दाबलं, आणि मी झटकन उठून गुलाब दाखवत उभा राहिलो.

पंचशीला हात मांडीवर ठेवून मास्तरांची वाट बघत बसली.

"चालू झालाय की बाई. बसलाय कामून?" लिंगराज म्हणाला.

"सर, अजून बोलला न्हाई."

शिपाई फिसकन हसला. तिनं स्पीकरची वायर चाचपली. वायर ठीक होती. तीन बटणं दाबली, पुन्हा दाबली. काही नाही. मला बंद करून पुन्हा चालू केलं. मी आणखी एकदा तितक्याच निर्लज्जपणे चटकन उठलो. वेगाचं असं कौतुक असतं बघा.

"सर, पडद्यावर काय दिसायलंय तेवढं सांगता का?"

"परीक्षेत मदत करता येत न्हाई. नियम हाय. टाइम सुरू झालाय."

मग तिनं ओठ आवळले आणि ठरवलं की न ऐकताच लिहायचं. बोटांना बटणं पाठ होतीच. लिहायचं कोरं पान तिनं नुसत्या बटणांनी उघडलं, आणि ते उघडलंही. मी आनंदलो. "वाचा मॅडम," ती म्हणाली.

आणि नेमकी त्याच क्षणी रविकुमारची एक तलवार म्यानातून बाहेर आली. पानाच्या बरोबर वर तिनं आपली चौकट उघडली आणि विचारलं, मुदत संपत आलीय, रोज आठवण करून देऊ का? त्या प्रश्नापुढं एक बारीक रिकामं घर. आता जे बटण दाबाल ते पानावर नाही, त्या चौकटीत जाणार.

सुशीलाबाई वाचू लागल्या. सलग इंग्रजी उतारा. पंचशीलाची बोटं धावू लागली. काय सुरेख टाइप करत होती! एक अक्षर चुकत नव्हतं, मला आतून सगळं कळत होतं. आणि एकही अक्षर पानावर उमटत नव्हतं. फक्त दोन शब्दांमध्ये ती जागा सोडायची तेव्हा त्या रिकाम्या घरात बरोबरची खूण यायची, पुढच्या शब्दानंतर जायची. यायची, जायची. दोघांच्या डोळ्यांसमोर. शिपाईसुद्धा मान वाकडी करून बघत होता. लिंगराजनं सुशीलाबाईंकडं पाहिलं, सुशीलाबाईंनी लिंगराजकडं. आणि त्या पुढचं वाक्य वाचू लागल्या.

माझ्या तोंडात कुणीतरी बोळा कोंबलाय आणि माझ्या घरच्या माणसाची चेष्टा चाललीय, असं मला वाटलं. मशीनला राग येत नाही म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी माझ्या पत्र्याला हात लावून बघायला हवा होता.

उतारा संपला. पंचशीलाच्या चेहऱ्यावर घाम होता आणि थोडं हसूही होतं.

"झालं, सर."

"कुठं झालं? पान कोरं हाय, बाई."

तिनं विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"तुमाला दिसत होतं?"

"दिसत होतं. पन नियम..."

तिनं मान आवाजाच्या दिशेनं फिरवली. "मग तुमी वाचत कामून राहिला, मॅडम?"

सुशीलाबाईंनी कागद खाली ठेवला. लिंगराजनं 'उमेदवाराला कॉम्प्युटर चालवता येत नाही' असा शेरा मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मास्तरांची चौकशी त्यानं केली नाही, पंचशीलानं पुन्हा संधी मागितली तीही दिली नाही. तिनं स्वतः माझ्या वायरी काढल्या. कुणालाही हात लावू दिला नाही.

घरी रविकुमार वाट बघत उभा. "कसा पळाला, पंची? फास्ट केलता न्हव?"

"तुझ्या फास्टनं माझी नोकरी खाल्ली, रवीअन्ना," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मागं उभ्या असलेल्या सुमनबाईनं तो ऐकला.

रविकुमार आधी हसला, मग चिडला. चांगलं करायला गेलो तर वर बोलणी! दुसऱ्या दिवशी त्याच्या बोअरच्या नळाला कुलूप दिसलं.

लाईट आल्यावर पंचशीलानं हैदराबादला फोन लावला. बुद्धरत्ननं सांगितलं तशी तिनं दोन बटणं दाबली, मास्तरांचं खरं नाव अक्षरागणिक लिहिलं, आणि मास्तर सर्दीच्या आवाजात बोलले. एवढुसं काम! तेवढं हॉलमध्ये माहीत असतं तर! ती तेव्हा रडली. फोन चालूच होता.

मग तिनं एकेका पाहुण्याला हाकललं. दोन्ही तलवारी, लग्न, गाणी, सगळं. मास्तरांना पहिल्या पाटावर बसवलं आणि भावानं सांगितलेली एकच नवी तलवार घातली. कलाबाई सीडी घेऊन आली तेव्हा दारात सुमनबाई उभी होती. "लेकीचे डोळे हायेत ते," ती म्हणाली. "डोळे उसने देत न्हाईत." आता ती हापशावरून पाणी आणते. लांब पडतं. पण त्याबद्दल ती एक शब्द काढत नाही.

आजही मी सावकाशच उठतो. वय झालं, मेमरी तेवढीच. त्याच कॉलेजात पुन्हा जागा निघालीय आणि पंचशीला जाणार आहे. "त्याच हॉलात जानार," म्हणते, आणि रोज सराव करते. ह्या वेळी ती आधी मास्तरांना बोलायला लावणार, मगच टाइम सुरू करू देणार, असं तिनं फोनवर लिंगराजला बजावलंय.

पण मी मशीन आहे. मशीन कधीही दगा देतं. तेव्हा लिंगराज, सुशीलाबाई, आणि हे ऐकणारे तुम्ही डोळसहो, तुमच्याकडं माझं एक मागणं आहे, आणि ते मी हात जोडून मागत नाही. मी पुन्हा मुका झालो आणि ती माझ्यासमोर बसून मन लावून टाइप करत असली, तर तुमचं तोंड उघडा. 'बाई, थांबा, पान कोरं आहे.' एवढंच म्हणा. ते म्हणायला तुम्हाला लाईट लागत नाही.