मोराची हाळी

"म्यांऽऽहो!"

दिवस कलला की कारभारी डोंगरावरून मोराच्या आवाजात हाळी द्यायचा. खाली ओढ्याकाठी शेळ्या राखणारी त्याची पोर, आम्रपाली, लांडोरीसारखं "कोक्‌-कोक्‌" करायची. ते ऐकल्याबिगर बाप डोंगर उतरायचा नाही. माय लवकर गेलेली. दोघांच्या घराला तेवढाच आवाज.

आज तीच आम्रपाली नवऱ्याच्या गाडीत, सासूशेजारी बसून त्याच डोंगराला निघाली होती. सहल सासूबाईंनी ठरवलेली. नको म्हणायला हिला कारण सापडलं नाही. भादव्यातला बालाघाट हिरवागार, उतारावर तरवड पिवळाधमक फुललेला. तिला काही दिसत नव्हतं. सौरभशी कोर्टात लग्न करताना तिनं सांगितलं होतं, वडील वारले.

वारलेला बाप मोरांच्या अभयारण्याच्या फाटकाशी खाकी सदऱ्यात उभा होता.

लेक दिसली तसा कारभारी लगबगीनं पुढं झाला. लेकीनं मान फिरवली. तो जागीच थांबला.

"या साहेब," तो सौरभला म्हणाला. "पर मोर दिसायचे न्हाईत आता. पिसारा झडला की लाजल्यावानी लपून बसत्यात."

"तुम्ही मोराचा आवाज काढता म्हणे," कौशल्याबाई म्हणाल्या. जन्मभर शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आवाजात छडी अजून होती. "काढा की. आमच्या सूनबाईंना वडील नाहीत बिचारीला. तिच्यासाठी काढा."

कारभारीनं लेकीकडं बघितलं. "न्हाईत का वडील, बाई?"

"नाहीत," आम्रपाली म्हणाली.

त्यानं तोंडापाशी हात धरले. "म्यांऽऽहो!"

डोंगर गप्प.

"आजोबा, जरा नाचून पण दाखवा ना!" सौरभ मोबाइल धरून हसला.

कारभारी पाय उचलून एक गिरकी फिरला. चप्पल निसटली.

"आवाज कमी पडला," कौशल्याबाई म्हणाल्या. "अजून एकदा."

त्यानं हाळी दिली. ती मधेच चिरली, खोकल्यानं तो गवतात खाली बसला. तोंड मात्र ओढ्याकडंच.

"अजून."

त्यानं पुन्हा छातीत वारं भरलं.

"कोक्‌-कोक्‌."

आम्रपालीच्या तोंडून निघून गेलं. कारभारीचे हात हळूच खाली आले. त्याला उत्तर मिळालं होतं.

"बास करा, बाबा," ती म्हणाली, आणि सासूकडं वळली. "आई, हे माझे वडील हायत."

सौरभचं हसू विझलं. कौशल्याबाईंनी खांद्यावरचा पदर सारखा केला.

"माहितीय मला. लग्नाआधीच तुझ्या गावात चौकशी केली होती. बापाला किती ओरडू देतेस, तेवढंच बघायचं होतं."